वाक्यातून आकृतीकडे : सॉफ्टवेअरच्या आराखड्याचे व्याकरण

कोणत्याही शासकीय योजनेचा जन्म वाक्यांत होतो. संसदेने संमत केलेला कायदा, त्याखालील नियम, मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना, राज्यांचे शासन निर्णय हे सारे माणसांच्या भाषेत लिहिलेले असते. मे २००६ मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजनेला मंजुरी मिळाली आणि त्यानंतरच्या काळात या वाक्यांची अंमलबजावणी मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या हाती गेली. शिष्यवृत्ती असो, निवृत्तिवेतन असो वा रोजगार हमीची मजुरी, आज यांतील बहुतेक लाभ एखाद्या सॉफ्टवेअरमधून गेल्यावरच लाभार्थ्यापर्यंत पोहोचतात. कायद्याचे वाक्य आणि ते सॉफ्टवेअर यांच्या दरम्यान एक टप्पा असतो. धोरणविषयक चर्चेत त्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. तो टप्पा म्हणजे वाक्ये वाचून आराखड्याच्या आकृत्या तयार करणे.

हे काम आजवर प्रशिक्षित विश्लेषक हाताने करत आले. ते यंत्राकडून करून घेण्याचे प्रयत्न चार दशकांपासून चालू आहेत आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यापासून त्यांना विलक्षण वेग आला आहे. हा विषय संगणकशास्त्राचा वाटला तरी त्याचा गाभा भाषेचा आहे आणि त्याचे परिणाम आर्थिक आहेत.

आकृती कशासाठी?

घर बांधण्यापूर्वी नकाशा काढला जातो, कारण कागदावरची भिंत खोडणे स्वस्त असते आणि विटांची भिंत पाडणे महाग. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हाच विचार अमेरिकन अभियंते बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आकड्यांनिशी मांडला. आवश्यकता लिहिताना झालेली चूक प्रणाली वापरात आल्यानंतर दुरुस्त करावी लागली, तर मोठ्या प्रकल्पांत तिचा खर्च सुमारे शंभरपट होऊ शकतो. लहान प्रकल्पांत हे प्रमाण चारपटीच्या आसपास असते, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढील अभ्यासकांनी या गुणोत्तराच्या अचूकतेबद्दल शंका घेतल्या आहेत. चूक जितकी उशिरा सापडेल तितकी ती महाग पडते, हा कल मात्र सर्वसाधारणपणे मान्य आहे.

आकृत्यांची सर्वमान्य लिपी १९९७ मध्ये निश्चित झाली. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांनी आपापल्या पद्धती एकत्र करून युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज, म्हणजेच यूएमएल, तयार केली आणि ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने त्या वर्षी ती मानक म्हणून स्वीकारली. तिच्या अलीकडील आवृत्तीत आकृत्यांचे चौदा प्रकार आहेत. येथे तीन पुरेसे आहेत. वर्ग-आकृती व्यवस्थेत कोणकोणत्या वस्तू व व्यक्ती आहेत आणि त्यांचे परस्परसंबंध काय आहेत, हे चौकटी व रेषांनी दाखवते. क्रम-आकृती कोण कोणाला काय देतो आणि कोणत्या क्रमाने देतो, हे बाणांनी दाखवते. स्थिती-आकृती एखादा अर्ज किंवा देयक कोणकोणत्या अवस्थांतून जाते, ते दाखवते.

नाम, क्रियापद आणि शंभर दिवस

वाक्यावरून आकृती कशी निघते? याचे पहिले पद्धतशीर उत्तर १९८३ मध्ये मिळाले. त्या वर्षी रसेल ॲबट यांनी असे सुचवले की, वर्णनातील नामांवरून वस्तूंचे वर्ग आणि क्रियापदांवरून त्यांच्या क्रिया ठरवाव्यात. त्याच वर्षी पीटर चेन यांनीही इंग्रजी वाक्यरचनेसाठी असेच नियम दिले. १९७६ मध्ये माहितीसाठ्याच्या रचनेचे 'एंटिटी-रिलेशनशिप' प्रारूप मांडणारे ते हेच चेन. सामान्यनाम म्हणजे घटक, सकर्मक क्रियापद म्हणजे दोन घटकांतील संबंध, विशेषण म्हणजे घटकाचा गुणधर्म आणि क्रियाविशेषण म्हणजे संबंधाचा गुणधर्म, असे त्यांच्या नियमांचे स्थूल स्वरूप आहे. शाळेत वाक्यपृथक्करण केलेल्या विद्यार्थ्याला यात अपरिचित असे काही नाही.

हे नियम एका परिचित वाक्याला लावून पाहता येतील. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ हा २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत लागू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला. त्याच्या कलम ३ चा आशय असा होता : ज्या कुटुंबातील प्रौढ सदस्य अकुशल शारीरिक काम करण्यास तयार असतील, अशा प्रत्येक कुटुंबाला राज्य सरकार एका आर्थिक वर्षात किमान शंभर दिवसांचे काम उपलब्ध करून देईल.

नामे वेचली तर राज्य सरकार, कुटुंब, प्रौढ सदस्य, काम आणि आर्थिक वर्ष अशा पाच चौकटी मिळतात. एका कुटुंबात अनेक सदस्य असू शकतात, ही रेषाही सहज काढता येते. खरी परीक्षा 'शंभर दिवस' या दोन शब्दांची आहे. ते कोणाच्या चौकटीत लिहायचे? सदस्याच्या चौकटीत लिहिले, तर तीन प्रौढांच्या कुटुंबाचा हक्क तीनशे दिवसांचा होईल. कुटुंबाच्या चौकटीत लिहिले, तर एकदा शंभर दिवस संपल्यावर १ एप्रिलला गणना पुन्हा शून्यावर येण्याची सोयच राहत नाही. बरोबर जागा कुटुंब आणि आर्थिक वर्ष यांना जोडणाऱ्या रेषेवर आहे; चेन यांचा क्रियाविशेषणाचा नियम तेथेच घेऊन जातो.

'किमान' हा शब्दही असाच. घाईत काढलेल्या आकृतीत 'दिवस = १००' एवढेच उरते आणि कायद्याने घातलेली तळमर्यादा सॉफ्टवेअरमध्ये कमाल मर्यादा होऊन बसते. दुष्काळ जाहीर झालेल्या भागांत आणखी ५० दिवसांचे काम देण्याची तरतूद आली, तेव्हा ज्या आराखड्यात शंभर हा आकडा पक्का बसवला असेल त्याला ती सामावून घेणे अवघड जाणार, हे उघड आहे. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाशी तुलना केली, तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे कामाचा हक्क ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होता. दोन्ही कायद्यांची वाक्ये वरवर सारखी दिसतात. वर्ग-आकृती काढली की एकात हक्काची रेषा व्यक्तीपासून निघते आणि दुसऱ्यात कुटुंबापासून.

मराठी व हिंदीसारख्या भाषांत नामांचा नियम आणखी एका कारणाने फसवा ठरतो. आपली कितीतरी क्रियापदे 'नाम अधिक करणे' अशी बनलेली असतात : अर्ज करणे, मागणी करणे, वाटप करणे. यांपैकी 'अर्ज' याला दिनांक, क्रमांक आणि स्थिती असते, म्हणून त्याला स्वतंत्र चौकट हवी. 'वाटप' ही बहुधा केवळ क्रिया असते. शब्दाचे रूप पाहून हा फरक कळत नाही. त्यासाठी कार्यालयातील व्यवहार ठाऊक असावा लागतो.

घर वेगळे, शिधापत्रिका एक

या कायद्यात 'कुटुंब' या शब्दाचीही व्याख्या होती. रक्त, विवाह किंवा दत्तक या नात्याने संबंधित असलेले, सामान्यतः एकत्र राहणारे आणि एकत्र जेवणारे किंवा सामायिक शिधापत्रिका असलेले सदस्य म्हणजे कुटुंब, असा तिचा आशय. वाक्य वाचताना काही खटकत नाही. आकृती काढू लागले की 'आणि' व 'किंवा' यांची गाठ सोडवावी लागते. एकत्र राहणे अनिवार्य आणि त्याखेरीज जेवण वा शिधापत्रिका यांपैकी एक पुरेसे, हा एक अर्थ. एकत्र राहणे व जेवणे ही एक अट आणि शिधापत्रिका हा तिला स्वतंत्र पर्याय, हा दुसरा.

धाकट्या भावाने शेतावर वेगळे घर बांधले, शिधापत्रिका मात्र वडिलांच्या नावाची एकच राहिली, अशी स्थिती कोणत्याही गावात आढळते. पहिल्या अर्थाने ही दोन कुटुंबे होतात आणि दुसऱ्या अर्थाने एक. म्हणजे एका कंसाच्या जागेवर वर्षाला शंभर दिवसांची मजुरी अवलंबून राहते. ग्रामसेवक असा प्रश्न चौकशी करून सोडवू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये तो कोणीतरी आधीच सोडवलेला असतो आणि तो कोणी, केव्हा सोडवला याची नोंद पुष्कळदा नसते.

कर्मणी प्रयोगाची अडचण

क्रम-आकृतीसाठी कारकविचार उपयोगी पडतो. पाणिनीय परंपरेतील कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण या संबंधांच्या आधारे भारतीय भाषांचे संगणकीय विश्लेषण करण्याची दिशा विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूर येथे विकसित केली. १९९५ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढे हैदराबादच्या आयआयआयटीत हे काम विस्तारले. शब्दक्रम लवचीक असलेल्या भाषांत कोण कर्ता आणि कोण ग्राहक हे विभक्तीवरून ओळखावे लागते, हे त्यामागचे सूत्र आहे.

'ग्रामपंचायत अर्जदाराला दिनांकित पोच देते' या वाक्यात कर्ता ग्रामपंचायत, कर्म पोच आणि संप्रदान अर्जदार. बाण ग्रामपंचायतीपासून अर्जदाराकडे जातो आणि त्यावर 'पोच' असे लिहिले जाते. आकृती पूर्ण झाली. आता दुसरे वाक्य पाहू : 'मजुरीचे वाटप साप्ताहिक तत्त्वावर आणि कोणत्याही परिस्थितीत काम झाल्यापासून पंधरवड्याच्या आत करण्यात येईल.' यात कर्म आहे, मुदत आहे, ग्राहकही तर्काने कळतो. कर्ता नाही. बाण कोठून काढायचा?

'करण्यात यावे', 'देण्यात येईल', 'निदर्शनास आणण्यात आले' ही प्रशासकीय भाषेची नेहमीची वळणे आहेत. ती सभ्य आहेत, पदांच्या बदल्या झाल्या तरी टिकतात, आणि त्यांत कर्ता नसतो. वरील वाक्य २००५ च्या कायद्यातील कलम ३ च्या उपकलमाचाच आशय आहे. त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

मजुरी देण्याची प्रक्रिया प्रत्यक्षात दोन टप्प्यांची होती. पहिल्या टप्प्यात हजेरीपट बंद करणे, मोजमाप घेणे, मजुरीची यादी करणे आणि निधी हस्तांतरण आदेश काढणे ही कामे राज्यांची यंत्रणा करत असे. दुसऱ्या टप्प्यात केंद्राकडून रक्कम मजुराच्या खात्यात जमा होत असे. विलंब झाल्यास थकीत मजुरीवर दररोज ०.०५ टक्के भरपाई देय होती. म्हणजे ३,००० रुपये थकले तर दिवसाला दीड रुपया आणि २० दिवसांचे ३० रुपये. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या नरेगासॉफ्ट प्रणालीत ही भरपाई आदेश निघेपर्यंतच्या, म्हणजे पहिल्या टप्प्यातील, विलंबापुरतीच मोजली जात होती. आदेश निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतचे दिवस हिशेबाबाहेर राहत. स्थिती-आकृतीच्या भाषेत सांगायचे, तर 'आदेश निघाला' या अवस्थेलाच व्यवहारात 'मजुरी दिली' मानले गेले.

स्वराज अभियानाच्या याचिकेवर मे २०१८ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या टप्प्यातील विलंबाची जबाबदारी केंद्र सरकारला टाळता येणार नाही, असे स्पष्ट केले. वाक्यात नसलेला कर्ता असा तेरा वर्षांनी न्यायालयात निश्चित करावा लागला. मूळ वाक्याची क्रम-आकृती काढणाऱ्याला बाणाचे शेपूट कोठेच टेकवता आले नसते आणि त्याला पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारावा लागला असता.

मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, यातही फरक होता. कलमात काम झाल्याचा दिनांक होता, तर भरपाईच्या संदर्भात अनुसूचीत हजेरीपट बंद झाल्याचा. सोमवार ते शनिवार चालणाऱ्या हजेरीपटात सोमवारी काम केलेल्या मजुराचे पाच दिवस या फरकात जातात.

भाषा-प्रारूपांमुळे झालेला बदल

जुनी साधने नियमांवर चालत. वाक्याचे तुकडे करणे, शब्दांच्या जाती ठरवणे, सर्वनामांचे संदर्भ लावणे आणि मग नाम-क्रियापदांचे नियम वापरणे असा त्यांचा क्रम होता. मर्यादित शब्दांत आणि ठरावीक साच्यात लिहिलेल्या इंग्रजीवर ती बरी चालत. मुक्त गद्य समोर आले की अडखळत.

विशाल भाषा-प्रारूपांनी ही मर्यादा बरीच ओलांडली आहे. त्यासाठी एक पूरक गोष्ट आधीच तयार होती. २००९ मधील प्लँटयूएमएल आणि २०१४ मधील मर्मेड या लिप्यांमुळे आकृती साध्या मजकुराच्या ओळींत लिहिता येते आणि चित्र संगणक स्वतः रेखाटतो. त्यामुळे जे प्रारूप केवळ मजकूर लिहू शकते, तेही आकृती देऊ शकते. कायद्याचा परिच्छेद दिला की अर्ध्या मिनिटात नीटनेटकी वर्ग-आकृती समोर येते. वर्ग आणि त्यांचे गुणधर्म ओळखण्यात ही प्रारूपे बऱ्यापैकी यशस्वी ठरतात. संबंधांचे स्वरूप आणि संख्यामर्यादा, म्हणजे 'एकास अनेक' की 'अनेकास अनेक', यांत त्यांच्या चुका अधिक आढळतात. वर पाहिलेले शंभर दिवस याच दुसऱ्या प्रकारात मोडतात.

अधिक गंभीर गोष्ट निराळी आहे. कर्ता नसलेले वाक्य दिल्यावर जुने साधन थांबत असे आणि त्याच्या थांबण्यातच माहिती होती. नवे प्रारूप थांबत नाही. प्रशिक्षणात पाहिलेल्या असंख्य आकृत्यांवरून संभाव्य असे काहीतरी, बहुधा 'प्रणाली' किंवा 'प्रशासक', ते बाणाच्या शेपटाशी लिहून टाकते. आकृती पूर्ण दिसते. वाचणाऱ्याला कोणता शब्द कायद्यातून आला आणि कोणता यंत्राने भरला, हे कळण्याचा मार्ग राहत नाही.

यावरचे उपाय फारसे अवघड नाहीत. आकृतीतील प्रत्येक चौकट व बाण यांवर मूळ कलमाचा क्रमांक नोंदवावा आणि ज्यावर क्रमांक येत नाही ते वेगळ्या रंगात दाखवावे. अभियंते याला मागोवाक्षमता म्हणतात. आकृती मागण्यापूर्वी वाक्यांत काय सुटले आहे याचे प्रश्न यंत्राकडून आधी काढून घ्यावेत. या कामात ही प्रारूपे आश्चर्य वाटावे इतकी उपयुक्त ठरतात. तयार आकृतीचे पुन्हा साध्या वाक्यांत रूपांतर करून ती ग्रामरोजगार सेवकाला आणि मजुरांना वाचून दाखवता येतात. 'निधी हस्तांतरण आदेश निघताच तुमची मजुरी मिळाली असे मानले जाईल' हे वाक्य चावडीवर वाचले गेले असते, तर त्यावर हरकत घेण्यास कोणत्याही तांत्रिक ज्ञानाची गरज पडली नसती. २०२२ मध्ये सुरू झालेल्या भाषिणी उपक्रमामुळे भारतीय भाषांसाठी अनुवादाची व वाणी-ओळखीची साधने उपलब्ध होत असल्याने हा शेवटचा मार्ग आता व्यवहार्य झाला आहे.

अपूर्ण कराराची किंमत

सॉफ्टवेअर तयार करून घेताना शासन निविदा काढते आणि आवश्यकतांचे विधान हा कराराचा भाग बनतो. असे विधान निःसंदिग्ध, परिपूर्ण, सुसंगत आणि पडताळण्याजोगे असावे, असे आयईईई संस्थेच्या १९९८ च्या शिफारशींत म्हटले होते. प्रत्यक्षात कोणताही करार परिपूर्ण नसतो. ऑलिव्हर हार्ट यांचे अपूर्ण करारांविषयीचे संशोधन याच वस्तुस्थितीपासून सुरू होते. त्यांना व बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना २०१६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. करारात न लिहिलेल्या प्रसंगी निर्णय कोणाच्या हाती असेल, हा हार्ट यांचा प्रश्न आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्याचे उत्तर विचित्र आहे. तो निर्णय बहुधा आकृती काढणाऱ्या कनिष्ठ विश्लेषकाच्या हाती असतो आणि आता तो भाषा-प्रारूपाकडे जाऊ लागला आहे.

निश्चित किमतीच्या करारात संदिग्धतेचा खर्च कंत्राटदार आणि खाते यांच्यात वाटला जातो : बदलाची मागणी आली की तिची किंमत ठरते, वाटाघाटी होतात. लाभार्थी या कराराचा पक्षकार नसतो. चुकीच्या रेषेमुळे त्याचे बुडालेले दिवस कोणाच्याच ताळेबंदात येत नाहीत. अर्थशास्त्रात अशा खर्चाला बाह्यता म्हणतात. आकृत्या स्वस्त आणि जलद झाल्या म्हणून ही बाह्यता कमी होईलच असे नाही. तपासणीवरील खर्चही त्याबरोबर कमी केला, तर ती वाढण्याचीच शक्यता अधिक.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण) अधिनियम संमत केला. त्यात शंभराऐवजी १२५ दिवसांची हमी आहे आणि पेरणी व कापणीच्या हंगामात वर्षातून एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. हा काळ राज्यांनी अधिसूचित करावयाचा आहे. पहिला बदल आराखड्यात एका आकड्यापुरता आहे. दुसऱ्यासाठी स्थिती-आकृतीत नवी अवस्था काढावी लागते आणि त्या अवस्थेत एखादा अर्ज येऊन पोहोचला, तर तेथून निघणारा बाण कोठे न्यायचा, हे राज्यांच्या अधिसूचना व नियम समोर ठेवूनच ठरवावे लागते.